भारतापुरता फिल्टर

१२ एप्रिल २०२४, शुक्रवार. पाडवा होऊन तीन दिवस झाले होते. पावसच्या एका आंबा बागायतदार काकांच्या साइटवर त्या आठवड्यात हापूसच्या ११ पेट्यांची मागणी आली होती. आदल्या वर्षी एप्रिलच्या त्याच आठवड्यात ८४ पेट्या गेल्या होत्या. हे दोन आकडे मी वहीत एकाखाली एक लिहून ठेवलेत. अजून त्या पानावर वही उघडली की मी पुढचं काम विसरते.

मी रत्नागिरीत राहून लोकांच्या वेबसाइट सांभाळते. आंबा बागायतदार, गणपतीपुळ्याकडची घरगुती निवासं, दोन कोकम-काजूवाले. साइट बनवणं हा यातला सोपा भाग. ती गूगलवर दिसत राहणं हे वर्षभराचं राखण आहे, आणि आंब्याच्या साइटला तर कमाईचे दोनच महिने मिळतात. निवासाची साइट मार्चमध्ये खाली गेली तर दिवाळीच्या सुट्टीपर्यंत वर काढता येते. हापूस झाडावर तेवढा थांबत नाही. आढीत तर त्याहून नाही.

काकांची साइट रत्नागिरी हापूस घरपोच मागवणाऱ्यांना तिसऱ्या-चौथ्या क्रमांकावर दिसायची. ११ मार्चपासून ती घसरायला लागली. आठवड्यात दुसऱ्या पानावर, मग पाचव्या, मग कुठेच नाही.

कारण माझ्याकडे तयार होतं. ५ मार्चला गूगलचं मोठं कोअर अपडेट, म्हणजे साइटचा क्रम लावायच्या पद्धतीतला बदल, सुरू झालं होतं. त्याच दिवशी स्पॅमचे तीन नवे नियम जाहीर झाले. बिनकामाचा मजकूर ४० टक्क्यांनी कमी करायचा, असं गूगलनं सांगितलं होतं. जगभरच्या साइट वरखाली होत होत्या. त्यात १२ मार्चला आयएनपी नावाचं नवं माप लागू झालं, म्हणजे बटण दाबल्यावर पान किती वेळात हलतं त्याचं. लगेच एका एजन्सीनं काकांना फोन केला की तुमची साइट स्लो आहे, ३० हजारांत पहिल्या पानावर आणून देतो. पहिल्या पानाची हमी कुणालाच देता येत नाही. ती देणारे लोक दर हंगामाला बागायतदारांचे नंबर शोधत फिरतात, आणि त्यांचे पैसे गेल्यावर आमच्यासारख्यांवरचाही विश्वास जातो.

मी माझ्या पद्धतीनं सगळं तपासलं. काकांची साइट ज्यावर चालते त्या वर्डप्रेसमध्ये सर्च इंजिनला साइट दाखवू नका अशी एक खूण असते. काम करताना ती चुकून राहिली तर साइट गूगलमधून उतरते. ती नव्हती. कोणती पानं वाचायची ते गूगलला सांगणारी रोबोट्सची फाइल ठीक. जुन्या पत्त्यांवरून नव्या पत्त्यांवर जाणारे रीडायरेक्ट ठीक. डोमेनची मुदत, सुरक्षिततेचं कुलूप, मोबाइलवरचा वेग, सगळं ठीक. साइट गूगलवर कशी चालली आहे ते मालकाला दाखवणाऱ्या सर्च कन्सोलमध्ये मॅन्युअल ॲक्शनचं पान कोरं, म्हणजे गूगलच्या माणसानं शिक्षा केलेली नाही. क्लिकचा आलेख उघडला, नेहमीप्रमाणे देश भारत निवडला, कारण काका परदेशी आंबा पाठवत नाहीत. आलेख उतरणीला लागला होता आणि तारखा अपडेटशी जुळत होत्या.

मी काकांना सांगितलं, थांबूया. अपडेट पूर्ण होऊ दे, त्यानंतर आठवडाभर जाऊ दे, मग तुलना करू. गूगलचाही सल्ला असाच असतो. सल्ला बरोबर होता. मी तो चुकीच्या आजारावर लावला.

मार्चअखेर शिमग्याच्या दिवसांत काकूंचा फोन आला होता. पालखी दारात येणार होती, मागे ढोल वाजत होते. त्या म्हणाल्या, "बाय गो, ठाण्याच्या एक गिऱ्हाईक म्हणतात, तुमचं नाव गूगलवर चिनीत येतंय." मी लगेच माझ्या मोबाइलवर साइट उघडली. काकांचा फोटो, कलमांची बाग, २०१८ साली मिळालेल्या भौगोलिक मानांकनाचं पान, सगळं जागच्या जागी. मी म्हणाले, "काकू, त्यांच्या फोनची भाषा बदलली असेल." काकू "बरं" म्हणाल्या. पंचवीस वर्षं आढीतला आंबा नुसत्या वासावर ओळखणाऱ्या बाईनं नीट बातमी दिली होती. मी ती ऐकली नाही.

१२ तारखेला त्याच ठाण्याच्या बाईंनी फोटो पाठवला आणि काकूंनी तो मला पुढे धाडला. गूगलच्या यादीत काकांच्या डोमेनखाली निळ्या अक्षरांत नाव होतं. ते चिनी नव्हतं, जपानी होतं. बूट आणि पर्स स्वस्तात.

ही भानगड आमच्या धंद्यात माहितीची आहे, जपानी कीवर्ड हॅक म्हणतात. पण मी ती दुसऱ्यांकडूनच ऐकली होती. गूगलमध्ये साइट, पुढे दोन टिंबं आणि काकांचं डोमेन टाकून शोधलं. मूळ साइटला २३ पानं आहेत. यादी संपेना. वाकड्यातिकड्या नावांचे फोल्डर, प्रत्येकात शेकडो पानं, सगळी जपानीत. त्यातलं एक उघडलं तर समोर "पान सापडलं नाही". साइट दोन तोंडांनी बोलत होती. माणूस आला की काकांची बाग दाखवायची, पानं वाचत फिरणारा गूगलचा बॉट, म्हणजे प्रोग्राम, आला की बुटांचं दुकान. मुखपृष्ठाचंही तेच. म्हणून माझ्या मोबाइलवर कधीच काही दिसलं नसतं. सर्च कन्सोलमध्ये पत्ता तपासायची सोय असते, तिथे लाइव्ह टेस्ट दाबली की गूगलला प्रत्यक्ष काय मिळालं ते कळतं. दाबली. हापूस हा शब्द त्यात एकदाही नव्हता. जी साइट स्वतःला बुटांचं दुकान म्हणवते, ती आंबा शोधणाऱ्याला गूगल का दाखवेल?

मग मी आलेखावरचा भारताचा फिल्टर काढला.

इम्प्रेशनची, म्हणजे गूगलच्या यादीत साइट किती वेळा दिसली त्याची, रेघ ९ मार्चच्या पुढे सरळ वर चढली होती. देशांच्या यादीत पहिला जपान. महिनाभर ही रेघ माझ्यापासून एका टिचकीवर होती. इंडेक्स झालेल्या, म्हणजे गूगलनं नोंदवलेल्या पानांचा अहवालही उघडायला हवा होता. २३ पानांच्या साइटची हजारो पानं झालेली तिथे पहिल्या नजरेत दिसली असती.

दुपारी स्कूटर काढून भाट्याच्या पुलावरून गोळपमार्गे पावसला गेले. सर्च कन्सोलची मूळ मालकी काकांच्या पुतण्याच्या जीमेलवर होती, ओटीपी काकांच्या फोनवर, आणि पुतण्या नोकरीला बाहेर. त्याला फोन लावून पासवर्ड घेतला. ९ मार्चचं न वाचलेलं पत्र तिथे पडून होतं: तुमच्या साइटला नवा मालक जोडला गेला आहे. कुणी अनोळखी माणूस मालक झाला होता आणि त्यानं स्वतःचे साइटमॅप, म्हणजे पानांच्या याद्या, गूगलला देऊन ती पानं पटापट नोंदवून घेतली होती. गूगलनं वेळेवर कळवलं होतं. ते पत्र वाचायला कुणी नव्हतं, आणि मालकी माझ्या किंवा काकांच्या नावावर करून घ्यायचं मी दोन वर्षं पुढे ढकलत आले होते.

साफसफाईला दोन रात्री गेल्या. त्या उपऱ्या मालकाला नुसतं यादीतून काढून भागत नाही, तो मालकी सिद्ध करणाऱ्या ज्या व्हेरिफिकेशन फाइलच्या जोरावर आत आला ती आधी उडवावी लागते. फाइल साइटवर कुठे दिसेचना. सर्व्हरला सूचना देणाऱ्या एचटीॲक्सेस फाइलमध्ये एक ओळ घुसवली होती, गूगलनं विचारलं की ती फाइल जागेवर तयार होऊन उत्तर द्यायची. ती ओळ पुसली तर दोन मिनिटांत परत. तीन वेळा पुसली. शेवटी होस्टिंगच्या पॅनेलमध्ये क्रॉनची नेमून दिलेली कामं पाहिली. तिथे दर मिनिटाला चालणारं एक काम होतं, तेच सगळं पुन्हा लिहीत होतं. ते बंद केलं तेव्हा पहाटेचे चार वाजले होते. फोटोंच्या फोल्डरात तीन पीएचपी फाइली, म्हणजे सर्व्हरवर चालणारे प्रोग्राम, सापडल्या. फोटोंच्या फोल्डरात पीएचपीचं काय काम? होस्टिंगवाल्यांकडे सात दिवसांचाच बॅकअप. माझ्या डिस्कवर फेब्रुवारीची प्रत होती, तिच्याशी एकेक फाइल ताडून पाहिली. वर्डप्रेस नव्यानं टाकलं, सगळे पासवर्ड बदलले, एक अनोळखी ॲडमिन काढला. जपानी पत्त्यांना ४१० चं उत्तर लावलं, म्हणजे हे पान कायमचं गेलं.

चोर आला ती वाट थीममध्ये, म्हणजे साइटच्या रूपाच्या तयार साच्यात होती. माझ्याआधी ज्यानं साइट बनवली त्यानं विकतची थीम क्रॅक करून फुकट टाकली होती. काकांकडून थीमचे पैसे मात्र घेतले होते, बिलावर तसं लिहिलंय. ही सवय आमच्या लोकांत फार आहे आणि मला तिची चीड येते. गिऱ्हाइकाला फरक कळत नाही, म्हणून त्याच्या घराला दुसऱ्याकडे किल्ली असलेलं कुलूप लावायचं! पण २०२२ मध्ये साइट हाती घेताना थीमचं लायसन्स मीही विचारलं नव्हतं.

मुखपृष्ठ चार दिवसांत सरळ झालं, काकांचं नाव परत दिसलं. क्रमांक मात्र सावकाश हलले. ५ मेला चौदावा, अक्षय्य तृतीया झाल्यावर नववा. तोवर काकांनी निम्म्याहून जास्त माल वाशीला पाठवला होता, आवक वाढून दर उतरल्यावर. काका मला एक शब्दही बोलले नाहीत. माझे पैसे पूर्ण दिले, मी नको म्हणत असताना.

कोअर अपडेट १९ एप्रिलला संपलं. त्यानंतर मी किती वेळा ते दोन आलेख एकावर एक ठेवून पाहिलेत. ५ मार्चला अपडेट, ९ ला हॅक, ११ ला घसरण. घसरणीत अपडेटचा काही वाटा असेल का? असला तरी वेगळा काढता येत नाही. आणि शिमग्यातल्या त्या फोननंतर मी लाइव्ह टेस्ट दाबली असती तर दोन आठवडे आधी कळलं असतं, पाडव्याच्याही आधी. ते दोन आठवडे मला कशातच बसवता येत नाहीत.

मेच्या शेवटी मी काकूंकडून ठाण्याच्या बाईंचा नंबर घेतला आणि फोन केला. मी कोण ते सांगितलं, तुम्ही म्हणत होतात तेच खरं होतं म्हणून सांगितलं, आभार मानले. त्या म्हणाल्या, "अहो, मी तर त्यांना दोनदा कळवलं होतं." मग विचारलं, "आंबे संपले का हो?"

संपले होते.