खिंडसीवरची पॉन्टून बोट: मागून उडणारं पाणी आणि मोटरची ट्रिम

मागच्या सोफ्यावर बसलेले पाहुणे भिजतात, एवढ्या एका तक्रारीसाठी माझ्या साडभाऊंचे दिवाळीनंतर तीन फोन आले. त्यांची पॉन्टून बोट रामटेकजवळच्या खिंडसी तलावावर असते. खाली ॲल्युमिनियमची दोन लांब नळकांडी, वर सपाट फळी, कडेनं सोफे आणि मागे ४० हॉर्सपॉवरची आउटबोर्ड मोटर. एका मेकॅनिकनं त्यांना सांगितलं होतं, ट्रिमचा, म्हणजे मोटर वरखाली झुकवणारा, अख्खा पंप गेला, नवा टाका. पाणी उडण्याचा आणि पंपाचा संबंध मला काही पटेना. म्हटलं, थांबा भाऊ, खर्च करण्याआधी मी एकदा येऊन बघतो.

डिसेंबरातल्या रविवारी सकाळी सहाला नागपूरच्या धरमपेठेतून निघालो. ऑटोमोटिव्ह चौक, कामठी, कन्हान, मनसर आणि तिथून उजवीकडे वळून रामटेक. अंतर पन्नासेक किलोमीटर, पण कन्हानच्या पुलावर धुकं दाट होतं, त्यामुळे दीड तास गेला. तुम्ही अशाच कामाला निघाला असाल तर सगळं सामान नागपुरातूनच घ्या. तलावावर गेल्यावर एका नटासाठी परत यावं लागतं. आम्ही मल्टिमीटर, मोठा पेचकस, सॉकेट पान्यांचा संच, ट्रिमचं तेल, मरीन सीलंट आणि चेन पुली नेली होती. तेल कुठलं लागतं ते मोटरच्या पुस्तकात बघूनच घ्या. प्रत्येक कंपनीचं वेगळं असतं, अंदाजानं घालू नका. आणि सांबारवडी घरून बांधून न्या. पाण्यावर अकरा वाजता जी भूक लागते ती बिस्किटांनी भागत नाही.

आधी काठावर ट्रिम तपासली. वरचं बटण दाबलं की पंप घुंईऽऽ असा आवाज करी, मोटर अर्धी वर येई आणि हात सोडला की सावकाश खाली बसे. साडभाऊ म्हणाले, रात्री वर करून ठेवली तर सकाळी पाण्यात असते. पंप फिरतोय आणि मोटर टिकत नाही, तेव्हा पहिली शंका तेलाची आणि मॅन्युअल रिलीज व्हॉल्व्हची घ्यायची. मोटर बोटीला धरून ठेवणाऱ्या क्लॅम्पच्या बाजूला पेचकस बसेल अशी खाच असलेला एक स्क्रू असतो. बॅटरी गेली तर मोटर हातानं उचलता यावी म्हणून तो दिलेला असतो. कुणीतरी कधीतरी तो सैल केला आणि पूर्ण आवळलाच नाही. आमचा पाव फेरा उघडा होता. तो आवळला, मोटर पूर्ण वर घेतली, ती वरच अडकवून ठेवणारा टिल्ट लॉक लावला आणि मगच ट्रिमच्या तेलाच्या टाकीचं बूच उघडलं. मोटर खाली असताना हे बूच उघडायचं नाही. तेल आत दबावाखाली असतं आणि पातळीही खोटी दिसते. तेल बुचाच्या तोंडापर्यंत हवं, आमचं बोटभर खाली होतं. भरून मोटर पाच वेळा वरखाली केली, तेव्हा आतली हवा निघाली आणि पंपाचा आवाज बदलला. बॅटरीच्या टर्मिनलवर हिरवट गंज होता, तोही घासून काढला. नवा पंप काही लागला नाही.

साडभाऊ खूश झाले, पण पाणी अजून उडतच होतं.

आता ट्रिमचं गणित. मोटर बोटीच्या अंगाशी घेतली, म्हणजे ट्रिम इन केली, की पंख्याचा (प्रोपेलरचा) जोर बोटीचा मागचा भाग उचलतो आणि नाक खाली दाबतो. बाहेर काढली, ट्रिम आउट केली, की नाक वर येतं. पॉन्टूनचं नाक फायबरच्या बोटीइतकं सहज उचलत नाही, म्हणून पुष्कळ जण ट्रिमला हातच लावत नाहीत. हे चूक आहे. आम्ही पाऊण थ्रॉटलवर पाहिलं. पूर्ण इन असताना दोन्ही नळकांड्यांची टोकं पाण्यात घुसत होती आणि पाणी फळीखाली आपटून पुढच्या फटींतून वर येत होतं. थोडीथोडी बाहेर काढत गेलो तसं पुढचं पाणी बसलं, बोट हलकी वाटली, स्टिअरिंगही मऊ झालं. आणखी काढली तेव्हा मोटर एकदम किंचाळली, आर.पी.एम. उडी मारून वर गेले आणि वेग मात्र पडला. पंख्यानं पृष्ठभागावरची हवा ओढली होती. तिथून किंचित मागे येऊन ट्रिमचा काटा दाखवणाऱ्या घड्याळावर मी नेलपॉलिशचा ठिपका दिला. सहा माणसांच्या वजनाला तोच ठिपका. माणसं वाढली की पुन्हा बघायचं, आणि फोटोसाठी सगळे पुढच्या कठड्याशी गेले की ठिपका निरुपयोगी होतो. तेव्हा चालत्या बोटीत पुढे गर्दी करायची नाही, हे निघण्याआधीच सांगून ठेवा.

मागचा फवारा मात्र ट्रिमच्या कुठल्याच जागी हटला नाही. इथं आमचा तासभर गेला. उपाय सांगितला तो काठावर जाळं निवडत बसलेल्या एका काकांनी. आम्ही तिसऱ्यांदा समोरून गेल्यावर त्यांनी हात करून बोलावलं.

"तुमी मोटरीकडंच पाहून राहिले जी. पाणी तं त्या काळ्या डबीपासून उडून राहिलं, उजव्या अंगानं."

काळी डबी म्हणजे फिशफाइंडरचा, पाण्यातले मासे दाखवणाऱ्या यंत्राचा, सेन्सर. बोटीतून वाकून पाहताना तो दिसतच नव्हता. काठावरून साफ दिसत होता. पुस्तकातल्या मापापेक्षा तो दोन बोटं खोल बसवलेला होता, त्यामुळे धावत्या पाण्याला आडवा येऊन पंख्यासारखा फवारा उडवत होता. त्याची पट्टी वर सरकवली आणि उजवीकडचा फवारा गेला. म्हणून माझं सांगणं आहे की एक माणूस काठावर उभा करा, त्याच्याकडे फोनवर मागून चित्रण करून घ्या आणि ते सावकाश लावून बघा. चालत्या बोटीच्या मागे वाकून पाहू नका, खाली पंखा फिरत असतो. चालवणाऱ्यानं इंजिन झटक्यात बंद करणाऱ्या किल स्विचची लाल दोरी मनगटाला बांधलेलीच हवी, लाइफ जॅकेट सगळ्यांच्या अंगात हवं.

आता उरलं मधलं पाणी, मोटरच्या दांड्यावर चढून सोफ्यावर पडणारं. पंख्याच्या वर मोटरला एक आडवी सपाट पट्टी असते. मेकॅनिक तिला कॅव्हिटेशन प्लेट म्हणतात, पण तिचं काम वरची हवा पंख्यापर्यंत येऊ न देणं हे आहे. बोट वेगात असताना ही पट्टी पाण्याच्या पातळीला, जेमतेम वर दिसेल अशी हवी. आमची वीतभर बुडालेली होती. दोन नळकांड्यांमधून येणारं पाणी मधोमध उंच होतं, ते मोटरच्या जाड भागावर आपटत होतं आणि वर चढत होतं. म्हणजे मोटर बसवतानाच खोल बसवलेली.

मोटर वर घ्यायची तर बोट ट्रेलरवर काढावी लागते. आउटबोर्डच्या ब्रॅकेटला एकाखाली एक भोकं असतात, दोन भोकांत पाऊण इंच अंतर. आम्ही मोटर चेन पुलीला नीट टांगली आणि मगच बोल्ट सोडले. वजन क्विंटलच्या आसपास असतं, घाई केली तर बोटं जातील. एक भोक वर घेतली, बोल्टांच्या भोकांत सीलंट भरलं, आवळली. नाही भरलं तर त्या भोकांतून पाणी आत झिरपतं. पाण्यात उतरवून पाहिलं तर मधला फवारा बसला होता आणि त्याच थ्रॉटलवर वेग थोडा जास्तच मिळाला. मोह झाला म्हणून दुसरं भोकही वर घेतलं. सरळ रेषेत छान चालली, पण वळणात पंख्याची पकड सुटायला लागली. परत एक भोक खाली आलो. या खेपेत दोन तास गेले, पण ते करून बघितल्याशिवाय कळत नाही. एका वेळी एकच बदल करा, नाहीतर कशानं काय झालं ते हाती लागत नाही.

मोटर वर घेतल्यावर इंजिन थंड करणाऱ्या पाण्याची बारीक धार मागून नीट पडते का, ते प्रत्येक वेळी बघा. पाणी ओढणारी जाळी वर आली तर धार तुटते आणि इंजिन तापतं. आमची एकदा मध्येच बारीक झाली. जाळीवर पाणवनस्पतीचा झुबका अडकला होता, पंख्यालाही गुंडाळलेला. असं गवत अडकलं तरी फवारा उडतो आणि मोटर किंचाळते, तेव्हा पान्यांचा संच बाहेर काढण्याआधी इंजिन बंद करून, मोटर वर घेऊन पंखा साफ करा.

खिंडसी सुर नदीवरचा, १९१३ मधल्या बांधाचा तलाव. पावसाळ्यानंतर पाणी भरपूर असतं, तेव्हा नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ अशा चाचणीला चांगला. उन्हाळ्यात पाणी उतरतं आणि काठाजवळ दगड वर येतात. तिथं मोटर हळू चालवत ट्रिमनं थोडी वर घ्या, पण जाळी पाण्याबाहेर जाईल इतकी नाही.

शेवटची फेरी साडेचारला मारली. मी मागच्या सोफ्यावर, मांडीवर कोरा रुमाल पसरून बसलो. गड उन्हात तांबूस दिसत होता. काठावर उतरलो तेव्हा रुमाल कोरडा होता. काकांना उरलेल्या सांबारवड्या दिल्या. साडभाऊंना सांगितलंय, पाच तास चालल्यावर मोटरचे चारही बोल्ट पुन्हा एकदा पान्यानं तपासा, नवं सीलंट बसलं की ते थोडे सैल होतात.