लाइट गेली की ड्रमर एकटाच

परवा भाचा म्हणाला, मामा आम्ही बँड काढलाय, तर आईनं स्वयंपाकघरातनंच विचारलं, कोणाच्या लग्नाला? आमच्या इंदुरात बँड म्हणजे लाल कोट, पितळी बाजे आणि पुढे रुमाल घेऊन नाचणारे काका, दुसरा अर्थ आमच्या घरात अजून पोचलाच नाहीये. मी हा खुलासा करकरून केव्हाच थकलो, कारण वीस-बावीस वर्षांपूर्वी मीपण एका बँडमध्ये होतो, रॉक बँड, रामबागेतला, आम्ही चौघं, आणि बँडचं नाव दर पंधरा दिवसांनी बदलायचं.

सामान म्हणाल तर एक गिव्हसन गिटार (गिबसन नाही हां, गिव्हसन, कोलकात्याची), महाराणी रोडवर एका मेकॅनिककडनं बनवून घेतलेला अॅम्प, बेसवाल्याकडे बेस नव्हतीच, तो साध्या गिटारच्या चार जाड तारांवर भागवायचा. ड्रम मात्र अस्सल बँडवाल्याचे, लग्नातले! म्हणजे लग्नसराईत आमची प्रॅक्टिस बंद आणि चातुर्मास लागला की ड्रम स्वस्तात. रॉक म्युझिकचा मुहूर्ताशी इतका संबंध जगात दुसरीकडे कुठे असेल असं वाटत नाही.

पण खरा प्रॉब्लेम लाइटचा. १ नोव्हेंबर २००० ला छत्तीसगड वेगळं झालं, कोरब्याची वीजघरं तिकडे गेली, आणि इकडे आम्ही अंधारात. लाइट कधी जाईल याचा नेम नाही, गाणं ऐन रंगात आलं की गिटार एकदम खेळण्यासारखी टिकटिक करायची, माईक मेला, आणि ड्रमर एकटाच, त्याला कुठे करंट लागतो, वाजवतोय आपला जोरात. २००३ ची निवडणूक बिजली-सडक-पानीवरच झाली पण त्यात सगळ्यात जास्त नुकसान रॉकचं झालं हे एकाही भाषणात कोणी बोललं नाही. घरी इन्व्हर्टर होता, त्यावर एक ट्यूब नि एक पंखा, अॅम्पची वायर त्याला लावली तर बाबांनी मलाच बाहेर काढलं असतं.

खालच्या मजल्यावरच्या काकू तर लाइट असतानाच वर यायच्या, "अरे बाळांनो, काय वाजवून राहिलात, माझी पोथी चाललीये!" मग आम्ही तिथून सुदामा नगरला एकाच्या गच्चीवर. तेव्हा मी कुठेतरी वाचलं होतं की बीटल्स ऑगस्ट १९६० मध्ये हॅम्बुर्गला गेले तेव्हा एका थेटरात पडद्यामागे संडासाला लागून झोपायचे, रात्र-रात्र वाजवायचे आणि आवाजाच्या तक्रारी झाल्या म्हणून मालकानं त्यांना त्या क्लबातनं उचलून दुसऱ्या क्लबात टाकलं. पहिल्या क्लबाचं नाव काय तर इंद्रा! हे कळल्यावर चौघांना जाम धीर आला, म्हटलं सुरुवात तर सेम टू सेम आहे, काकूंची तक्रारसुद्धा. (जॉर्ज हॅरिसन तेव्हा सतराचा होता. आमचा ड्रमर वीसचा, म्हणजे आम्ही ऑलरेडी लेटच होतो.)

एकच प्रोग्राम झाला, गल्लीच्या गणपतीत. दुसऱ्या गाण्याला लाइट गेली. ड्रमर सवयीनं सुरूच, अंधारात नुसता धडाम धडाम, आम्ही तिघं मुक्या तारा धरून उभे. तेवढ्यात पुढच्या सतरंजीवरनं कोण्या आजीनं सरळ आरती उचलली, मागनं झांजा आल्या, टाळ्या आल्या, आणि हा पठ्ठ्या दोन ठोक्यांत लय पकडून त्यांच्याबरोबर, तेही असं की लहान पोरं उठून नाचायला लागली. इतकं छान आम्ही कधीच वाजवलं नव्हतं, म्हणजे आम्ही वाजवतच नव्हतो म्हणा. आरती शेवटाला आली, सगळे हात जोडून घालीन लोटांगणला स्वतःभोवती गिरक्या घेतायत, आणि लाइट आली. अॅम्प चालूच राहिला होता, माझा अंगठा तारेवर, आणि त्यातनं जे काही कर्रकन निघालं त्यानं काकूंच्या हातातलं निरांजन विझलं.