काचेच्या दाराला फिल्म लावण्याआधी एक उत्तर लेखी घ्या

आमच्या बैठकीच्या खोलीतून अंगणात उघडणारं सरकतं दार वरपासून खालपर्यंत काचेचं आहे. संध्याकाळी आत दिवा लागला की कोण कुठे बसलंय, काय करतंय, सगळं बाहेरून स्वच्छ दिसायचं. जाड पडदा मला नको होता. दार येता-जाता उघडावं लागतं आणि दिवसाचा उजेड मला घालवायचा नव्हता. म्हणून काचेवर चिकटवायची पातळ प्लास्टिकची फिल्म लावायचं ठरवलं.

विक्रेत्याने आधी आरशासारखी फिल्म पुढे केली. दिवसा बाहेर उजेड जास्त असतो, तेव्हा बाहेरच्याला काचेत स्वतःचंच प्रतिबिंब दिसतं. पण रात्री आत दिवे लागले की उलटं होतं: आपल्याला बाहेरचं दिसत नाही आणि बाहेरच्याला आतलं दिसतं. मला आडोसा हवा होता तो नेमका रात्रीच, त्यामुळे ती तिथेच बाद. फ्रॉस्टेड, म्हणजे दुधी काचेसारखी दिसणारी फिल्म दिवसरात्र काम करते. रात्री काचेच्या अगदी जवळ उभं राहिलं तर सावली दिसते, तेवढं मला चालणार होतं.

इथपर्यंत सगळं सरळ होतं. मग मी विचारलं, "आमची काच डबल आहे. तिला ही फिल्म चालेल ना?"

या एका प्रश्नावर काम अडलं. विक्रेता म्हणाला, दार बनवणाऱ्यांना विचारा. दारवाले म्हणाले, फिल्म आमची नाही, फिल्मवाल्यांना विचारा. पुन्हा विक्रेत्याकडे गेलो तर "काही होत नाही हो, सगळे लावतात." लेखी द्या म्हटलं की फोन उचलणं बंद. दारवाल्यांच्या ग्राहक सेवेत दर वेळी नवा माणूस. प्रत्येकाला मॉडेल, काचेचा प्रकार, दाराची दिशा पहिल्यापासून सांगायची आणि शेवटी ऐकायचं, "तुमची तक्रार नोंदवली आहे." अहो, तक्रार नाही, प्रश्न आहे!

हट्ट कशासाठी, तेही सांगतो. फिल्म ऊन शोषून घेते, त्यामुळे काचेचा मधला भाग तापतो. कडा चौकटीत दबलेल्या, त्या थंडच राहतात. थंड पेल्यात उकळतं पाणी ओतल्यावर तो तडकतो, तसा ताण काचेवर येतो आणि कडेला बारीक टवका असेल तर तिथून तडा जातो. डबल काचेत दोन काचांमध्ये बंद पोकळी असते. आतल्या काचेला फिल्म लावली तर तिची उष्णता त्या बाजूने सहज निघून जात नाही. गडद फिल्मला हा धोका जास्त, फिकट फ्रॉस्टेडला कमी. टफन्ड, म्हणजे तापवून झटकन थंड करून कणखर केलेली काच असा ताण साध्या काचेपेक्षा कितीतरी जास्त सोसते. आणि दारवाल्यांच्या वॉरंटीत फिल्म बसत नसेल, तर तडा गेल्यावर खर्च आपल्याच गळ्यात.

तुमची काच कोणती हे घरीच बघता येतं. मोबाइलचा टॉर्च तिरका धरा: एकेरी काचेत प्रतिबिंबांची एक जोडी दिसते, डबलमध्ये दोन जोड्या. टफन्ड काचेच्या कोपऱ्यात बहुतेकदा बारीक शिक्का असतो. आमच्या दाराचा शिक्का रबराच्या पट्टीला लागून, गुडघ्याएवढ्या उंचीवर सापडला.

कोंडी फुटली ती एका कागदामुळे. कोणत्या काचेला कोणती फिल्म चालते याचा तक्ता फिल्म बनवणाऱ्या कंपन्यांकडे असतो. विक्रेत्याने त्याचा एकदाही उल्लेख केला नव्हता. मी थेट कंपनीला लिहिलं, शिक्क्याचा फोटो जोडला, तक्ता मागवला. त्यात डबल टफन्ड काचेसमोर आमच्या फिल्मला होकार होता. तोच तक्ता दारवाल्यांना पाठवून विचारलं, "ही फिल्म लावली तर वॉरंटी राहील का? हो किंवा नाही एवढंच लिहा." तेव्हा कुठे "हो" आलं. इतकं हलकं वाटलं! तुम्हीही सुरुवातच या तक्त्यापासून करा आणि प्रश्न हो-नाहीत उत्तर येईल असाच विचारा.

लावायला काहीच त्रास झाला नाही. काच धुऊन ब्लेडने खरवडली, पाण्यात साबणाचे दोन-चार थेंब टाकून काच आणि फिल्मची चिकट बाजू दोन्ही ओली केली आणि स्क्वीजीने, म्हणजे रबरी पट्टीच्या वायपरने, मधून कडेकडे पाणी काढलं. फिल्म थोडी मोठी कापून घ्या आणि जागेवर छाटताना चौकटीपासून एक-दोन मिलिमीटर फट सोडा, नाहीतर कडा उचलते. सुरुवातीला धुरकट दिसते, पाण्याचे बारीक फुगे राहतात. ते वाळायला काही दिवस, कधी काही आठवडे लागतात. सुईने टोचत बसू नका.

मोजमापाआधीच सांगायला हवं होतं: फिल्म पूर्ण उंचीला लागतेच असं नाही. आम्ही उभ्या माणसाच्या डोळ्यांच्या थोडं वरपर्यंत लावली आणि वरची काच मोकळी ठेवली, त्यामुळे खोलीतून आभाळ दिसतं. मात्र समोर उंच इमारत असेल तर वरून दिसेल, तिथे पूर्णच लावा. नक्षीदार काचेच्या खडबडीत बाजूला फिल्म धरत नाही. भाड्याच्या घरात गोंद नसलेली, नुसती चिकटून राहणारी फिल्म घ्या, ती निघतेही सहज. आणि पुसायला अमोनिया असलेलं क्लिनर नको, साबणाचं पाणी आणि मऊ फडकं पुरतं.

दारवाल्यांचं ते "हो" मी छापून वॉरंटी कार्डाला टाचून ठेवलं आहे.