‘गुन्हा कबूल’ म्हणण्यापूर्वी

वाहतुकीचे चलन आणि वाहन चालविण्यातून उभा राहिलेला फौजदारी खटला या दोन गोष्टी आपल्याकडे सर्रास एकच समजल्या जातात आणि या गैरसमजाची किंमत बहुधा नुकत्याच नोकरीच्या शोधात निघालेल्या मुलांना मोजावी लागते. नाशिकच्या न्यायालयात एका वकिलांचा कारकून म्हणून मी आयुष्याचा मोठा भाग घालविला. त्या काळात ‘दंड भरतो आणि मोकळा होतो’ हे वाक्य मी इतक्या जणांच्या तोंडून ऐकले, की त्याबद्दल एकदा नीट लिहावे असे फार दिवसांपासून मनात होते.

आधी चलनाविषयी. त्र्यंबक नाक्यावर किंवा द्वारका चौकात हेल्मेट नसल्याचे छायाचित्र वाहतूक पोलिसाने काढले, मोबाइलवर संदेश आला आणि आपण रक्कम भरली, तर मोटार वाहन कायद्याच्या कलम २०० नुसार तो गुन्हा तडजोडीने मिटतो आणि न्यायालयात जावे लागत नाही. २०२१ मध्ये शहरात ‘हेल्मेट नाही, तर पेट्रोल नाही’ ही मोहीम झाल्यापासून हेल्मेटची सक्ती सर्वांना ठाऊक आहे. परंतु कलम १९४ ड मध्ये दंडाबरोबरच तीन महिन्यांसाठी परवान्याची अपात्रताही सांगितलेली आहे, हे फार थोड्यांना माहीत असते. चलन आले की भरण्यापूर्वी त्यातील छायाचित्र, गाडीचा क्रमांक, ठिकाण आणि वेळ पाहावी. क्रमांक दुसऱ्याच गाडीचा असेल किंवा गाडी विकलेली असेल, तर पैसे न भरता आधी तक्रार नोंदवावी. चलनाच्या नावाने येणारी ‘एपीके’ फाइल, म्हणजे मोबाइलमध्ये ॲप बसविणारी फाइल, मात्र कधीही उघडू नये, कारण शासन दंडाच्या वसुलीसाठी अशी फाइल पाठवीत नाही. थकलेल्या चलनांसाठी लोकअदालतीची नोटीस येते, तिचा लाभ अवश्य घ्यावा. मात्र तेथे झालेला निवाडा अंतिम असतो आणि त्यावर अपील करता येत नाही, याची जाणीव ठेवून सही करावी.

मद्यपान करून गाडी चालविणे हा प्रकार यात बसत नाही. १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त मद्यांश आढळला, की कलम १८५ लागते. पहिल्या गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजार रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा असून ते प्रकरण न्यायालयातच जाते. अल्पवयीन मुलाच्या हाती गाडी देणाऱ्या पालकांसाठीही कलम १९९ अ मध्ये तीन वर्षांपर्यंत कैद आणि पंचवीस हजार रुपये दंड आहे.

खरा प्रश्न उभा राहतो तो अपघातानंतर. आमच्या शेजारच्या एका मुलाच्या दुचाकीचा गंगापूर रस्त्यावर एका पादचाऱ्याला धक्का लागला. पादचाऱ्याला दवाखान्यात नेले, गाडी पोलिसांनी ताब्यात घेतली, परवाना जवळ नसल्याचे चलन झाले आणि ते त्याच आठवड्यात भरलेही गेले. घरच्यांना वाटले, प्रकरण मिटले. पुढे न्यायालयाचे समन्स आले तेव्हा त्याची आई ते घेऊन माझ्याकडे आली आणि म्हणाली, “काका, एकदाचा गुन्हा कबूल करून टाकू देत त्याला. हजार-दोन हजार भरू, पण सारख्या तारखा नकोत.”

मी प्रथम समन्सवरची कलमे वाचली, आणि प्रत्येकाने हेच करावे असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. पूर्वीचे कलम २७९, म्हणजे सार्वजनिक रस्त्यावर बेदरकारपणे वाहन चालविणे, ते आता २८१ झाले आहे. दुखापत झाली असेल तर कलम १२५, आणि मृत्यू झाला असेल तर १०६(१), ज्यात पाच वर्षांपर्यंत कैद आहे. ही कलमे जामीनपात्र असल्यामुळे योग्य जामीन दिला की सुटका होते, आणि त्या सुटकेलाच लोक प्रकरणाचा शेवट समजतात. जखमी व्यक्तीशी आपसांत समेट झाला, तरी कलम २८१ त्या समेटाने संपत नाही, कारण ते तडजोडपात्र नाही. समन्सवर कोणत्या न्यायालयाचे नाव आहे, हेही त्याच वेळी पाहावे. निफाड, सिन्नर, दिंडोरी येथे स्वतंत्र न्यायालये आहेत, आणि तिकडच्या हद्दीतील अपघाताचा खटला शोधत लोक उगाच नाशिकच्या सीबीएसजवळच्या, म्हणजे मध्यवर्ती बसस्थानकाजवळच्या, जिल्हा न्यायालयात फिरत राहतात.

पहिल्या तारखेला पुकारा झाला, की आरोपी उभा राहतो, वकीलपत्र दाखल होते आणि जामिनाची पूर्तता होते. पुढे एखाद्या तारखेला न्यायदंडाधिकारी गुन्ह्याचा तपशील सांगून विचारतात, “गुन्हा कबूल आहे का?” या प्रश्नाच्या उत्तराने सगळे ठरते. कबूल म्हटले आणि न्यायालयाने ते स्वीकारले, तर साक्षीपुरावा होत नाही. थेट दोषसिद्धी होते, मग शिक्षा म्हणून केवळ हजार रुपये दंड का असेना. नोकरीच्या अर्जात किंवा चारित्र्य पडताळणीत ‘आपणांस कोणत्याही न्यायालयाने दोषी ठरविले आहे काय’ असा रकाना येतो, तेव्हा त्याचे उत्तर ‘होय’ असेच द्यावे लागते. चूक खरोखर आपली असेल, तर ती न्यायालयासमोर मान्य करण्यात मोठेपणा आहे, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. तारीख चुकविण्यासाठी केलेली कबुली मात्र निराळी. शिवाय कबुली देतानासुद्धा परिवीक्षा (प्रोबेशन) अधिनियम, १९५८ खाली समज देऊन सोडण्याची विनंती करता येते, आणि त्या कायद्याच्या कलम १२ मुळे दोषसिद्धीमुळे येणारी अपात्रता टळू शकते. हे वकिलांना विचारल्याशिवाय कळत नाही.

म्हणून उत्तर देण्यापूर्वी दोषारोपपत्र वाचावे. त्याची प्रत आरोपीला विनामूल्य मिळते आणि आपल्याकडे ते बहुतेक सगळे मराठीतच असते, तेव्हा सामान्य माणसाला ते समजत नाही असे मानण्याचे कारण नाही. फिर्याद, घटनास्थळाचा पंचनामा, साक्षीदारांचे जबाब, वैद्यकीय प्रमाणपत्र आणि वाहनाचा तपासणी अहवाल हे कागद एकमेकांशी ताडून पाहावेत. त्या मुलाच्या प्रकरणात फिर्यादीत अपघाताची जागा एक होती आणि पंचनाम्याच्या नकाशात दुभाजकाच्या दुसऱ्याच फटीजवळ होती. एवढ्यावरून तो निर्दोष ठरतो असे मी म्हणणार नाही. ते ठरविणे न्यायालयाचे काम आहे. परंतु कबुली दिली असती, तर हा नकाशा कोणी उलगडलाही नसता. त्याचा खटला अद्याप चालू आहे.

वकिलांचे शुल्क परवडत नाही, हे कारण मला सर्वाधिक वेळा ऐकावे लागले. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून महिलांना, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना, दिव्यांगांना आणि मर्यादित उत्पन्न असणाऱ्यांना मोफत वकील मिळतो. त्यासाठी १५१०० हा क्रमांक आहे, आणि गरजू माणसाने तो वापरताना अजिबात संकोच करू नये.

तारखा चुकवू नयेत. ई-कोर्ट्सच्या ॲपवर सीएनआर क्रमांक, म्हणजे प्रत्येक खटल्याला मिळणारा स्वतंत्र क्रमांक, टाकला, की पुढची तारीख दिसते. आजारपण किंवा परीक्षा असेल, तर वकिलांमार्फत हजेरीमाफीचा अर्ज त्याच दिवशी द्यावा. न सांगता गैरहजर राहिल्यास वॉरंट निघते, आणि मग ते रद्द करून घेण्यासाठी मूळ खटल्यापेक्षा अधिक धावपळ होते.

ताब्यातील गाडीसाठी खटला संपण्याची वाट पाहण्याची गरज नसते. जप्त वाहने पोलीस ठाण्यात दीर्घकाळ कुजत ठेवू नयेत, असे सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्येच सांगितले आहे. नोंदणी प्रमाणपत्र आणि विमा जोडून अर्ज केला, की सामान्यतः बंधपत्रावर गाडी परत मिळते. मात्र न्यायालयाच्या परवानगीशिवाय ती विकू नये किंवा तिचा रंग बदलू नये, अशा अटी आदेशात असू शकतात, म्हणून आदेशाची प्रत गाडीच्या कागदांबरोबरच ठेवावी.