दिवसाच्या दोन रेघा

स्पेनमधल्या सारियाहून सांतियागो दे कोंपोस्तेलापर्यंतची सुमारे 115 किलोमीटरची यात्रेची वाट मी पाच दिवसांत चालले. सांतियागोतल्या, येशूचा शिष्य संत याकोब याच्या कबरीपर्यंत पायी येणाऱ्याला प्रमाणपत्रासाठी किमान 100 किलोमीटर चालावे लागते आणि यात्रापत्रिकेवर रोज दोन शिक्के घ्यावे लागतात. माझ्या वहीत आणखी एक हिशोब होता, तो संत इग्नेशियस लोयोला यांच्या पद्धतीचा. 1521 मध्ये पांप्लोनाच्या लढाईत तोफगोळ्याने पाय मोडलेले हे सरदार पुढे स्वतःला यात्रेकरूच म्हणवून घेत. आपला एकच दोष निवडावा, तो घडताच हात छातीवर ठेवावा, आणि दिवसाच्या दोन रेघांवर, एक दुपारपर्यंतची व दुसरी रात्रीपर्यंतची, तितके ठिपके द्यावेत, असे त्यांनी ‘आध्यात्मिक साधने’ या आपल्या पुस्तकात सांगितले आहे.

मी निवडलेला दोष होता दुसऱ्याला मनातल्या मनात तोलण्याचा. पहिल्या दिवशीचा मुक्काम, पोर्तोमारीन, येण्याआधीच सात ठिपके झाले होते, आणि त्यांतले बहुतेक ओझे गाडीने पुढे पाठवून रिकाम्या पाठीने चालणाऱ्यांमुळे पडले होते.

तिसऱ्या दिवशी, पालास दे रेय ते आर्सुआ या सर्वांत लांब टप्प्यावर, दोन्ही रेघांवर मिळून एकच ठिपका होता, आणि त्याचा मला इतका आनंद झाला की रात्री वही मिटवेना. मग लक्षात आले की मी पहाटे अंधारात निघाले होते आणि जवळजवळ दिवसभर एकटीच चालले होते; तोलायला समोर कोणी नव्हतेच. येशूच्या दाखल्यातल्या, आठवड्यातून दोनदा उपास करणाऱ्या परुश्याचा, म्हणजे कर्मठ धार्मिकाचा, हिशोबही चोख होता (मला तर वाटते, त्याच्या वहीत एकही ठिपका नसेल), पण नीतिमान ठरून घरी गेला तो स्वतःला पापी म्हणवणारा जकातदार.

चूक ठिपक्यांत नव्हती, मी सुरुवात कुठून करत होते यात होती. इग्नेशियस यांच्या आत्मपरीक्षणात आधी उपकारस्तुती येते, मग प्रकाशाची याचना, आणि त्यानंतरच दिवसाचा आढावा; मी पहिल्या दोन पायऱ्या ओलांडून थेट तिसरीवर उभी राहत होते. “हे देवा, माझी झडती घे,” असे बायबलमधले 139 वे स्तोत्र म्हणते. तिथे झडती घेणारा देव आहे, आणि मी मात्र आरोपी, साक्षीदार व न्यायाधीश या तिन्ही जागा स्वतःच अडवून बसले होते.

चौथ्या रात्री आधी आभार मानायला बसले, तेव्हा पहिल्या दिवशीच्या चढावर माझ्या पिशवीचा पट्टा सारखा करून देण्यासाठी थांबलेली बाई आठवली. तिची पाठ रिकामी होती. त्या दिवशीचा एक ठिपका तिच्याच नावाचा होता. तिच्या मदतीची नोंद मात्र कुठेच नव्हती.

चौथ्या दिवसाचे ठिपके अकरा झाले, पण मला घाबरायला झाले नाही. सांतियागोत पोहोचल्यावर पापनिवेदनाच्या वेळी मी वही उघडली नाही. त्या बाईविषयीच बोलले, ते चार वाक्यांत संपले. मग प्रमाणपत्राच्या रांगेत उभी असताना पुढच्या माणसाच्या पत्रिकेवर शिक्के किती कमी आहेत हे मी मोजू लागले, आणि हात आपोआप छातीकडे गेला.