मॅथ्यू स्ट्रीटवरच्या विटा

लिव्हरपूल, मंगळवार, रात्र

आज दुपारी येथल्या मॅथ्यू स्ट्रीटवरच्या कॅव्हर्न या तळघरातल्या संगीत क्लबच्या पायऱ्या उतरले; बीटल्स सुरुवातीच्या काळात येथेच गात असत. वयाच्या सोळाव्या वर्षापासून बीटल्सची गाणी ऐकत आले आहे, त्यामुळे हे तळघर आपल्या पुरेसे ओळखीचे आहे अशी माझी समजूत होती. ती समजूत आज बरीच बदलली, आणि झोपेने तपशील पुसट होण्यापूर्वी ते लिहून ठेवावेत म्हणून खोलीवर येताच वही उघडली आहे.

मी ज्या कमानींखाली उभी होते त्या १९६१ सालच्या नव्हेत. मूळ कॅव्हर्न १९७३ साली बंद झाले. भुयारी रेल्वेला हवा पुरवणारी विहीर तेथे खणायची होती, म्हणून वरची वखार पाडण्यात आली, तळघर बुजवण्यात आले आणि त्या जागेवर मोटारी उभ्या राहू लागल्या. ती विहीर पुढे कधी खणलीच गेली नाही. हे मी पूर्वी अनेकदा वाचले होते. पण त्याच रस्त्यावर उभे राहून ते आठवले तेव्हा मन फार खिन्न झाले. ज्या कामासाठी एवढे मोडले, ते कामही झाले नाही. १९८४ साली मूळ जागेचा बराचसा भाग धरून, जुन्या आराखड्याबरहुकूम आणि उकरून काढलेल्या सुमारे १५,००० जुन्या विटा वापरून आजचे कॅव्हर्न बांधले गेले. अनेकांना ते खोटे वाटते. मला तसे वाटले नाही, आणि त्याचे कारण विटांपेक्षा वेगळे आहे.

१६ जानेवारी १९५७ रोजी ॲलन सिट्नर यांनी हा क्लब सुरू केला तो जॅझसाठी. पॅरिसमधल्या तळघरांत चालणारे जॅझ क्लब त्यांच्या डोळ्यांसमोर होते आणि फळांच्या वखारीखालचे, युद्धकाळात बॉम्बहल्ल्यांपासून आसरा देणारे हे तळघर त्यांना त्यासाठी योग्य वाटले. रॉक अँड रोलला येथे मज्जाव होता. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये जॉन लेनन, जो पुढे बीटल्सचा गायक झाला, आपल्या क्वॉरीमेन या मंडळींबरोबर येथे गायला आणि त्याने एल्व्हिस प्रेस्लीची रॉक अँड रोल गाणी सुरू करताच ‘हे थांबवा’ अशा अर्थाची सिट्नर यांची चिठ्ठी रंगमंचावर आली. १९५९ साली क्लब रे मॅक्फॉल यांच्याकडे गेला आणि त्यानंतर बीट संगीताला, म्हणजे रॉक अँड रोलच्या वळणाच्या गिटार-ड्रमच्या गाण्यांना, येथे दार उघडले.

या साऱ्या इतिहासातली मला सर्वांत प्रिय गोष्ट म्हणजे दुपारचे कार्यक्रम. आसपासच्या कचेऱ्यांत आणि दुकानांत काम करणारी मुले-मुली जेवणाच्या सुट्टीत या तळघरात उतरत, सूप आणि पाव घेत, तासभर गाणे ऐकत आणि पुन्हा आपापल्या टेबलांवर जाऊन बसत. दारू मिळत नसे, कारण क्लबला तिचा परवानाच नव्हता. हवा खेळायला वाव नव्हता. घामाची वाफ भिंतींवर आणि छतावर साचून ठिबकत असे, जंतुनाशकाचा आणि कुजक्या फळांचा वास कपड्यांना चिकटत असे, त्यामुळे कोण कुठे जाऊन आले हे घरी वासावरूनच कळे. त्या ओलाव्याने विजेची उपकरणे बंद पडत, आणि अशा वेळी गायकांना गप्पा मारून किंवा वाद्यांच्या साथीशिवाय गाऊन श्रोत्यांना धरून ठेवावे लागे. बॉब वूलर हे निवेदक या श्रोत्यांना प्रेमाने गुहावासी म्हणत. कोट आणि पिशव्या सांभाळणाऱ्या खोलीत काम करणारी एक मुलगी मधूनच रंगमंचावर चढून गात असे. तीच पुढे सिला ब्लॅक या नावाने इंग्लंडभर गाजली.

बीटल्स या नावाने ही मंडळी येथे प्रथम गायली ती ९ फेब्रुवारी १९६१ रोजी, अशाच एका दुपारी, पाच पौंड बिदागीवर. शेवटचा कार्यक्रम ३ ऑगस्ट १९६३ रोजी झाला. या अडीच वर्षांत त्यांनी येथे २९२ कार्यक्रम केले, असे क्लब सांगतो. मधले कित्येक आठवडे ते जर्मनीत हाम्बुर्गच्या क्लबांत गात होते, हे लक्षात घेतले की हा आकडा अधिकच मोठा वाटतो. आपल्याकडे रियाज बंद दाराआड होतो; यांचा रियाज श्रोत्यांच्या डोळ्यांदेखत झाला, आणि ते श्रोते काल येऊन गेलेले, उद्या पुन्हा येणारे असे होते. त्यांच्यासमोर तेच गाणे त्याच पद्धतीने किती दिवस गाता येईल? नवे काही आणणे भागच होते. माझ्या मते हे चौघे येथे घडले ते या नेहमीच्या श्रोत्यांमुळे. ९ नोव्हेंबर १९६१ रोजी ब्रायन एपस्टाइन, जे पुढे बीटल्सचे व्यवस्थापक झाले, आपल्या जवळच्याच रेकॉर्डच्या दुकानातून चालत येऊन पायऱ्या उतरले, तेव्हा त्यांना जे ऐकू आले ते या घडणीतूनच आलेले होते.

आणि हे चौघे एकटे मुळीच नव्हते. बिल हॅरी यांचे ‘मर्सी बीट’ हे येथल्या संगीताला वाहिलेले पाक्षिक जुलै १९६१ मध्ये निघाले, ते चालवता येईल इतकी वाद्यवृंदांची गर्दी या एका बंदरात होती. रोरी स्टॉर्म अँड द हरिकेन्स, ज्यांच्याकडे रिंगो स्टार बीटल्समध्ये येण्यापूर्वी ड्रम वाजवत असे. द बिग थ्री. जेरी अँड द पेसमेकर्स. आणि द लिव्हरबर्ड्स, चौघी मुलींचा वाद्यवृंद, ज्यांना मुली गिटार वाजवत नसतात असे लेननने ऐकवले होते. त्यांनी ते मनावर न घेता हाम्बुर्ग गाठले आणि तेथे नाव मिळवले. त्यांच्याविषयी मराठीत कोणी सविस्तर लिहिलेले मी वाचलेले नाही, याची खंत वाटते.

पुढचा भाग मला लिहायला जड जातो. १९६३ नंतर लंडनच्या कंपन्यांनी येथले एकेक वाद्यवृंद करारबद्ध करून नेले आणि ज्या गर्दीमुळे हे गाव गाते होते ती गर्दीच पांगली. कर्जात बुडालेले कॅव्हर्न फेब्रुवारी १९६६ मध्ये बंद पडले. तेव्हा तरुण चाहत्यांनी आत अडथळे रचून स्वतःला कोंडून घेतले होते. जुलैमध्ये पंतप्रधान हॅरोल्ड विल्सन यांच्या हस्ते ते पुन्हा उघडले, तरी तो बहर परत आला नाही.

बाहेर आल्यावर समोरच्या भिंतीपाशी बराच वेळ थांबले. १९९७ साली उभारलेल्या या भिंतीत १९५७ ते १९७३ या काळात कॅव्हर्नमध्ये गायलेल्या-वाजवलेल्यांची नावे एकेका विटेवर आहेत, एकूण १,८०१. भिंतीला टेकून उभ्या असलेल्या लेननच्या पुतळ्याबरोबर लोक छायाचित्रे काढत होते. माझ्या हातून मात्र विटा वाचणे सुटेना. बहुतेक नावे मला अनोळखी होती. यांपैकी कित्येकांची एकही रेकॉर्ड निघाली नसेल, आणि तरीही एखाद्या दुपारी कचेरीतून धावत आलेल्या कोणासाठी तरी ते तासभर गायले असतील.

आज तळघरात मी उतरले तेव्हा एक तरुण मुलगा एकटाच गिटार घेऊन गात होता. समोर आम्ही जेमतेम वीस-पंचवीस जण होतो. दोन जुनी गाणी झाल्यावर त्याने स्वतःचे एक गाणे म्हटले, मध्येच एक ओळ विसरला, थांबला आणि पुन्हा आरंभापासून गायला. दुसऱ्या वेळी ते गाणे अधिक चांगले झाले. उद्या दुपारी तो पुन्हा गाणार आहे असे दाराशी कळले, म्हणून उद्याचे संग्रहालय परवावर ढकलले आहे.