मोटर ठणठणीत, ग्राफच लंगडत होता

घरच्या पाण्याच्या मोटरला एसीएस७१२ करंट सेन्सर (वायरीतून किती वीजप्रवाह जातोय ते मोजणारा) लावला (वायरिंग वायरमनकडूनच करून घेतलं, २३० व्होल्टशी मी मस्ती करत नाही), सेन्सरचं आउटपुट आर्डुइनो उनो या छोट्या प्रोग्रामेबल बोर्डाला जोडलं, लॅपटॉपवर सिरियल प्लॉटर (बोर्डाकडून येणाऱ्या आकड्यांचा ग्राफ काढणारी खिडकी) उघडला आणि पोटात गोळाच आला. रेष फुगतेय, आकसतेय, परत फुगतेय, मोटर धापा टाकत असल्यासारखी. मी लगेच आईला सांगून मोकळा, की बेअरिंग गेलं! वायरमनने येऊन मोटरवर हात ठेवला, दोन मिनिटं आवाज ऐकला आणि म्हणाला, "मोटर एकदम ओके आहे दादा, तुमचं ते यंत्र बघा."

बरोबर होतं त्याचं. बॉड रेट, म्हणजे बोर्डाकडून लॅपटॉपला सेकंदाला किती बिट जातात तो वेग, मी ९६०० वरच ठेवला होता, म्हणजे (पाठवताना एका बाइटला १० बिट धरून) सेकंदाला ९६० बाइट, आणि एक रीडिंग प्रिंट केलं की तीन आकडे नि ओळ संपल्याचे दोन असे ५ बाइट जातात. झाले सेकंदाला १९२ रीडिंग. बोर्डाला खरं तर नऊएक हजार जमतात, पण सिरियलचा ६४ बाइटचा बफर (पाठवायच्या बाइटची रांग) भरला की प्रिंट तिथंच अडून बसतं आणि मोजणंही थांबतं. वीज ५० हर्ट्झची, म्हणजे एका लाटेवर जेमतेम चार ठिपके, तेही दर लाटेला थोडे सरकून पडणार, कधी शिखरावर कधी उतारावर, मग रेष फुगणार नाही तर काय.

मग म्हटलं पाठवायचंच कशाला, बोर्डावरच साठवू आणि छोट्या ओएलईडी स्क्रीनवर दाखवू. उनोची रॅम सगळी मिळून २०४८ बाइट. मी त्यात ८०० रीडिंगचा अ‍ॅरे (यादी) टाकला, प्रत्येकी दोन बाइट म्हणजे तिथंच १६०० गेले, कंपायलरने (प्रोग्राम बोर्डासाठी तयार करणाऱ्या सॉफ्टवेअरने) मेमरी कमी आहे म्हणून बजावलं पण ऐकतो कोण, आणि १२८ बाय ६४ च्या स्क्रीनची लायब्ररी (स्क्रीन चालवणारा तयार कोड) प्रोग्राम सुरू झाल्यावर गुपचूप आणखी १०२४ बाइट मागते, ते कंपायलरच्या हिशोबात धरलेलेच नसतात. स्क्रीन काळाठिक्कर. दोन संध्याकाळी मी नुसत्या वायरी बदलत बसलो, आता आठवलं तरी चिडचिड होते.

शेवटी लॅपटॉपसाठी बॉड रेट १,१५,२०० केला आणि आकडे अक्षरांत पाठवणं सोडलं. एक रीडिंग १० बिटचं, त्याचे ५-५ बिटचे दोन तुकडे, प्रत्येक तुकडा एका बाइटमध्ये, पहिल्या बाइटचा सगळ्यात वरचा बिट १, दुसऱ्याचा ०, म्हणजे मधेच एखादा बाइट हरवला तरी कुठला अर्धा कुणाचा ते कळतं. आता एका लाटेवर शंभरच्या वर ठिपके, अगदी पुस्तकातल्यासारखी लाट! लॅपटॉपवर ग्राफ काढणाऱ्या पायथन प्रोग्राममध्ये मात्र प्रत्येक रीडिंगला ग्राफ नव्याने काढू नका, सेकंदाला वीसेक वेळा पुरे, नाहीतर लॅपटॉपच धापा टाकतो.

ओएलईडीसाठी रीडिंग साठवतच नाही. दर सेकंदाचं सगळ्यात लहान नि सगळ्यात मोठं मूल्य, स्क्रीनच्या उंचीत बसवून एकेक बाइट, १२८ उभ्या रेघांचे २५६ बाइट, आणि त्यात दोन मिनिटांचा इतिहास. सरासरी घेतली असती तर सपाट रेष आली असती, कारण लाट मधल्या रेषेच्या वर जाते तेवढीच खाली. यू८जी२ लायब्ररी पेज मोडमध्ये १२८ बाइटच्या बफरवर भागवते, फक्त तेच चित्र आठ तुकड्यांत काढते.

मोटर सुरू होतानाचा झटका उंच रेघ म्हणून दिसतो, मग जाड पट्टा चालू राहतो. हौदातलं पाणी संपलं की मोटरवरचा भार उतरतो आणि पट्टा बारीक होतो. ओएलईडी आता ओट्याजवळ लावलाय, पट्टा बारीक झाला की आई स्वतःच बटण बंद करते.